किल्ली केळापुरे साहेबांच्या जानव्याला

ग्रंथालयात दोन गोष्टी आपोआप साचतात, धूळ आणि किस्से. धूळ झटकायला आमच्याकडे श्रावण होता. किस्से कोणी झटकायचे हे ठरलेलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याच अंगावर साचत गेले. परवा कॉलेजचे दोन मित्र घरी आले. एकानं विचारलं, "त्या धर्माच्या पुस्तकांत तू इतकी वर्षं केलंस तरी काय?" मी एक किस्सा सांगितला. त्याच्या शेपटीला दुसरा निघाला. चहा तीनदा झाला, बायकोनं चौथ्यांदा नकार दिला, म्हणून आता लिहूनच काढतो.

नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत आमचं ग्रंथालय. खासियत एकच: धर्म, अध्यात्म, तंत्रमंत्र, गूढविद्या यांवरची अभ्यासाची पुस्तकं. पूजेच्या पोथ्या नव्हेत. जाडजूड, तळटीपांची, मागे सूची असलेली. मी तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झालो आणि असिस्टंट लायब्रेरियन म्हणून तिथे लागलो. वय तेवीस. सहा महिन्यांत नागपूरला विचार करायला लावायचं, असा माझा साधारण बेत होता.

आमचे मुख्य ग्रंथपाल केळापुरे साहेब. पन्नाशीचे, संस्कृतचे जाणकार, धोतराला क्लिप लावून सायकलवर येणारे. कोणी मोठ्यानं बोललं की फूटपट्टीनं टेबलावर एकदा टक् करायचे. दोनदा करायची वेळ मी तरी पाहिली नाही. त्यांच्या खुर्चीमागे, जाड भिंतीत बसवलेलं एक सागवानी कपाट होतं. शहरातल्या एका वकिलांनी जन्मभर तंत्रशास्त्रावरची दुर्मीळ पुस्तकं जमवली आणि मरताना ती ग्रंथालयाला दिली. अट एकच: 'अधिकारी व्यक्तीसच वाचावयास द्यावीत.' अधिकारी म्हणजे कोण, हे वकील असूनही त्यांनी लिहिलं नव्हतं. ते साहेब ठरवत. कपाटाची किल्ली साहेबांच्या जानव्याला बांधलेली असे, आणि अकरा वर्षांत साहेबांना एकही अधिकारी माणूस भेटला नव्हता.

मला लागून दोनच महिने झाले होते, तेव्हा कार्यकारिणीची मीटिंग झाली. अध्यक्षांनी रजिस्टर उघडून पाहिलं.

"अकरा वर्षांत एकही वाचक नाही? मग मार्चअखेर ही पुस्तकं पुण्याच्या संस्थेला देऊन टाकू. तिथे लोक वाचतात."

मी चहा देणाऱ्या श्रावणाशेजारी उभा होतो. मला बोलायचा हक्क नव्हता. बोललो.

"इथेही वाचतात."

"कोण?"

"दाखवतो."

"दाखवा," अध्यक्ष म्हणाले. "मार्चपर्यंत एक अधिकारी वाचक दाखवा, पुस्तकं इथेच राहतील. दोन नकोत, एकच पुरे."

साहेबांनाही ती पुस्तकं जायला नको होती. त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. पण अट म्हणजे अट.

*

पहिला उमेदवार मी शोधायला गेलोच नाही, तो समोरच बसलेला होता. मेश्राम गुरुजी. कॉर्पोरेशनच्या शाळेतून रिटायर झालेले. छप्पन साली दीक्षा घेतल्यावर त्यांनी ठरवलं होतं की आपला धर्म आपण मुळातून वाचायचा. त्यासाठी पन्नाशीला पाली शिकले. रोज अकराला येत, पंख्याखालची जागा सोडून खिडकीपाशी बसत, कारण पंख्याखाली पानं उलटतात.

गुरुजींना वज्रयानावरची काही पुस्तकं हवी होती, आणि ती कपाटात होती. मी त्यांना साहेबांसमोर बसवलं. परीक्षा तोंडी असे.

साहेबांनी विचारलं, "तुमचा तंत्रावर विश्वास आहे?"

"नाही," गुरुजी म्हणाले.

"मग वाचायचं कशाला?"

"विश्वास नाही म्हणूनच तर वाचायचं आहे. असता, तर वाचायची गरज काय होती?"

साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मला वाटलं, जिंकलो.

"उत्तर उत्तम आहे," साहेब म्हणाले. "पण तुम्हाला पुस्तकाशी भांडायचं आहे. भांडायला जाणारा अधिकारी नव्हे."

गुरुजी उठले, धोतर झटकलं आणि जाता जाता मला म्हणाले, "पाहा, मी इतकी वर्षं मुलांना नापास केलं. आज कळलं कसं वाटते ते."

*

मग मी स्वतःच बसलो. ज्ञान कुलपात ठेवणं हा गुन्हा आहे, इथपासून सुरुवात केली. समाज, प्रबोधन, विदर्भाचा अनुशेष, सगळं आलं. साहेब ऐकत होते. मी थांबलो तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"या बोलण्यात तुम्ही किती वेळा घड्याळ पाहिलं?"

मी मनगट टेबलाखाली घेतलं.

"चार वेळा. तुम्हाला घाई आहे. हे शास्त्र घाईचं नाही."

त्यानंतर आठवडाभर मी घड्याळ घरी ठेवून येत होतो. त्याचा परिणाम एवढाच झाला की रोज उशिरा पोचायला लागलो.

*

कपाट उघडत नाही, तर उघड्या पुस्तकांचं तरी भलं करावं म्हणून मी वर्गीकरणाला हात घातला. कॉलेजात शिकलो तशी दशांश पद्धत. सलग तीन रविवार येऊन सगळी पुस्तकं नंबरवार लावली.

सोमवारी गुरुजी आले. कपाटाकपाटातून फिरले आणि माझ्याकडे आले.

"हे नंबर कोणी पाडले?"

"अमेरिकेत ठरले, गुरुजी. जगभर हेच चालतात."

"दोनशेपासून दोनशे नव्वदपर्यंत सगळा ख्रिस्ती धर्म. आणि आम्ही कुठे? दोनशे नव्वदच्या पुढे, कोपऱ्यात. म्हणजे इथेही आम्हाला गावकुसाबाहेरच ठेवलं का?"

मी म्हणालो, "गुरुजी, या वेळी फक्त तुम्हाला नाही. तिथे वेद आहेत, उपनिषदं आहेत, कुराण आहे, जैन आहेत. सगळेच बाहेर आहेत."

गुरुजी परत त्या कोपऱ्यापाशी गेले. एकेका पाठीवरचं नाव वाचलं. परत आले तेव्हा चेहरा खुलला होता.

"मग राहू द्या," ते म्हणाले. "सोबत चांगली आहे."

*

पण ते राहिलं नाही, कारण श्रावण.

श्रावण उमरेडकडचा. शिक्षण चौथी, पण पुस्तकाची पाठ हातानं चाचपून नाव सांगायचा. मंगळवारी पाहतो तर माझी नंबरवार मांडणी गायब. सगळी पुस्तकं जुन्या जागी.

"श्रावण, हे काहून केलं?"

"तुमच्या नंबरानं चार्वाकाचं पुस्तक श्राद्धाच्या पुस्तकापाशी येऊन राहिलं होतं जी. भांडतेत ना ते."

"पुस्तकं भांडत नाहीत."

"वाचणारे भांडतेत. एक इकडून हात घालते, एक तिकडून, नजरानजर होते, मंग साहेबाले फूटपट्टी वाजवा लागते."

मी विचारलं, जैन धर्माची पुस्तकं सगळ्यात वरच्या फळीवर कशासाठी. तो म्हणाला, खालच्या फळीखाली झाडू लावावा लागतो, किडामुंगी मरते, त्या पुस्तकांसमोर ते बरं दिसत नाही. सूफी खिडकीपाशी काहून? तर त्यांना हवा लागते. ज्योतिष दाराजवळ ठेवलं होतं. "ज्योतिष पाहाणाऱ्याले कधीच थांबाले टाइम नसते जी."

मी चिडलो. शर्यत लावली. गुरुजी पुस्तकाचं नाव सांगतील, मी कॅटलॉगच्या कार्डावरून शोधणार, श्रावण त्याच्या पद्धतीनं. पाच पुस्तकं. माझं पहिलं कार्ड सापडलं तेव्हा श्रावण पाचही पुस्तकं टेबलावर ठेवून गुरुजींसाठी पाणी आणायला गेला होता.

*

दसऱ्याला ग्रंथालयात पुस्तकांची पूजा होई. सगळी कपाटं उघडायची, प्रत्येकातलं एक पुस्तक पाटावर ठेवायचं, हळदकुंकू, आपट्याची पानं. वकिलांचं कपाट मात्र उघडायचं नाही. त्याच्या कुलपालाच हळदकुंकू लावायचं. अकरा वर्षांच्या कुंकवानं ते पितळी कुलूप लालभडक झालं होतं.

मी साहेबांना म्हणालो, "साहेब, आपण सरस्वतीची पूजा करून राहिलो की कुलपाची?"

साहेबांनी शांतपणे उदबत्ती ओवाळली.

"सरस्वती कुठे ना कुठे पोचतेच. काळजी कुलपाचीच घ्यावी लागते."

तेव्हा हे मला अतिशय प्रतिगामी वाटलं होतं. मी प्रसादाचा पेढा न खाता खिशात ठेवला. नंतर खाल्ला.

*

साहेबांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. पण वाचकांमध्ये एक गोष्ट पसरलेली होती. दुपारी दोन ते पाच या वेळात वकिलांच्या कपाटातून आवाज येतात. पानं उलटल्याचे. कधी कोणी हळूच खाकरल्याचे. बिड्या ओढायला बाहेर जाणारे लोक गल्लीत यावर तास तास बोलत.

मी बुद्धिवादी. एक दिवस जेवण करून साहेबांच्या खुर्चीत बसलो (साहेब बँकेत गेले होते) आणि कान कपाटाला लावला. श्रावण शेजारी उभा. पंधरा मिनिटं काहीच नाही. मग खरंच, पान उलटल्यासारखा आवाज आला.

"उंदीर," मी म्हणालो. "कागद कुरतडून राहिले. पाहा, साहेबांच्या कुलपानं काय केलं."

श्रावणानं नाक पुढे करून वास घेतला. "अंदरून कडुनिंबाचा वास येते. उंदीर-वाळवीवाल्या कपाटाले असा वास येत नाही."

"सागवानाचा वास असेल."

"बाभळीचा म्हणा ना मंग," श्रावण म्हणाला.

पलीकडे महिला विभाग होता, तिथला आवाज असेल, असंही मनात आलं. पण भिंत अडीच हात जाड, आणि महिला विभागात असतं काय? विणकामाचे अंक आणि लोणच्याच्या पाककृती. त्याचा दरवाजासुद्धा मागच्या गल्लीतून होता. पुरुषांना प्रवेश नाही, हा नियम साहेब स्वतःलाही लावायचे. तिथल्या कुसुमताई दोन ते पाच येत आणि महिन्यातून एकदा श्रावणाच्या हातून 'आमच्याकडे सर्व ठीक' अशी चिठ्ठी पाठवत. त्यापलीकडे त्या विभागाचा विचार करायला मला वेळ नव्हता. मला नागपूर बदलायचं होतं.

तेवढ्यात कपाटातून एक शिंक आली. स्पष्ट. मोकळी.

श्रावणानं हात जोडले. "वकीलसाहेब तपकीर ओढत जी."

"उंदीर," मी म्हणालो, पण कान कपाटावरून काढून घेतला.

"साहेब," श्रावण म्हणाला, "उंदीर शिंकते का?"

*

आता काटोलचे वानखेडे. संत्र्याची बाग, अंगात खादीचा सदरा, हातात पिशवी. पिशवीत संत्री आणि दोन सन्माननीय गृहस्थांची पत्रं. कपाटातलं पुस्तक हवं, तर पत्रं लागतात, असं कोणीतरी सांगितलं होतं.

साहेबांनी विचारलं, "कोणतं पुस्तक?"

"मंत्राचं. बागेले नजर लागली जी. फळं गळून राहिले."

"गरजेपोटी आलेला अधिकारी नव्हे," साहेब म्हणाले आणि संत्रीही परत केली. मला मार्च दिसायला लागला. पण माणूस काटोलहून बसनं आलेला. रिकाम्या हातानं कसा पाठवायचा? मी उघड्या कपाटातला एक जाड ग्रंथ काढून दिला, मंत्रांच्या उगमाचा अभ्यास. मनात म्हटलं, हे वाचलं तर अंधश्रद्धा तरी जाईल.

"बस पाचची आहे," वानखेडे म्हणाले. "बायको तिकडं बायकायच्या खोलीत बसली आहे. तवर मी इथंच वाचतो."

महिन्यानं दोघं परत आले. बायको मागच्या गल्लीनं तिकडे गेली, हे माझ्या टेबलापाशी.

"साहेब, चारशे पानं वाचले. मंत्र एकच भेटला, तो बी अर्धा. बाकी तो कुठून आला, कोणी पहिले म्हटला, कोणी मंग म्हटला, हेच चालू आहे."

"मग काय केलं?"

"काय करतो? अर्धाच म्हटला. अर्धी बाग वाचली."

मी त्यांना योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगितलं. पाणी, खत, कीड, हवामान. त्यांनी मान डोलवत सगळं ऐकलं.

"तुमचं बी पुस्तक काढा साहेब," ते म्हणाले. "आणि ते पुस्तक लिहिणाऱ्याले सांगा, उरलेला अर्धा बी छापून टाक म्हणा."

थंडीत ते पुन्हा आले. या वेळी संत्री साहेबांनीही घेतली.

"उरलेली बाग बी वाचली," वानखेडे म्हणाले. "बायकोनं अर्धा मंत्र पुरा करून देला."

"त्यांना कुठे मिळाला?"

"मले काय माहीत जी. वहीत लिहून आणला तिनं. मी इचारलं तर म्हणे, तुमचं पुस्तक नवं आहे, त्याच्या पहिलेचं पाहा लागते."

मी या बोलण्याकडे लक्ष दिलं नाही. माझं लक्ष कॅलेंडरकडे होतं.

*

मार्चचा शेवटचा शनिवार. दुपारी तीनचा सुमार. अध्यक्ष आले, सोबत दोन हमाल आणि संत्र्याच्या रिकाम्या लाकडी पेट्या. पुस्तकं त्यातून पुण्याला जाणार होती.

अध्यक्षांनी रजिस्टर उघडलं. वकिलांच्या कपाटाचं पान कोरंच होतं.

"एकसुद्धा नाही," ते म्हणाले.

मी बोलायला सुरुवात केली. गुरुजी खिडकीपाशी पुस्तक मिटून उभे राहिले. माझं बोलणं वर्षभरात पहिल्यांदाच थोडक्यात झालं, कारण सांगण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "सर, ही पुस्तकं इथल्या माणसानं जमवली. इथेच राहू द्या. आज ना उद्या कोणी येईल."

"अकरा वर्षं वाट पाहिली," अध्यक्ष म्हणाले. आवाजात राग नव्हता. "पुस्तकानं तरी किती वाट पाहायची?"

वर्षभर मीच हे बोलत आलो होतो.

केळापुरे साहेब उठले. सदऱ्याच्या गळ्यातून जानवं बाहेर काढलं. किल्लीची गाठ सोडवली. श्रावणानं वाटीत खोबरेल आणलं, कुलपात सोडलं. कुंकवाचे पोपडे साहेबांच्या धोतरावर पडले. किल्ली एकदा अडकली, दुसऱ्यांदा फिरली. आतून वाळवीची माती कोसळणार म्हणून हमाल दोन पावलं मागे सरले. मीही सरलो.

साहेबांनी दोन्ही दारं उघडली, आणि आमच्या तोंडावर ऊन पडलं.

कपाटाला मागची भिंत नव्हतीच. तिथे पलीकडून उघडणारं दुसरं दार होतं, आणि ते सताड उघडं होतं. फळ्यांवर पुस्तकं जागच्या जागी, धूळ नाही, दर चार पुस्तकांमागे कडुनिंबाची काडी. मधून मधून दाताच्या फटीसारख्या रिकाम्या जागा. त्या जागांतून पलीकडची खोली दिसत होती. सतरंजीवर सातआठ बायका बसलेल्या. कुसुमताई चष्मा नाकावर घेऊन एका म्हाताऱ्या बाईंना बोट ठेवून ओळी समजावून सांगत होत्या. त्या बाईंच्या मांडीशी तपकिरीची डबी. भिंतीशी वानखेड्यांच्या बाई, समोर जाड पोथी, मांडीवर वही, अर्धी भरलेली.

"अहो, हे काय?" अध्यक्ष मोठ्यानं म्हणाले. "केळापुरे, हे काय आहे? या कोण?"

वानखेड्यांच्या बाईंनी वहीतून मान वर केली. आमच्याकडे पाहिलं: अध्यक्ष, हमाल, पेट्या, खोबरेलाची वाटी धरलेला श्रावण आणि मी. पदर सारखा केला.

"जरा हळू बोला जी," त्या म्हणाल्या. "इथं लोक वाचून राहिले."

साहेबांनी दारं लोटली. आवाज न करता कुलूप लावलं आणि किल्ली पुन्हा जानव्याला बांधली. मग अध्यक्षांच्या कानाशी वाकून कुजबुजले,

"अधिकारी."